विश्लेषण : एका मोसमात दोन त्रिशतके! हा विक्रम फलंदाजाचा, मैदानाचा की काळाचा?

रणजी करंडकात दरवर्षी कुणीतरी त्रिशतक ठोकतो आणि त्याचे नाव काही दिवस मोबाइलच्या पडद्यावर झळकते. पण त्यातले काही जण महिन्याभरात भारतीय संघात पोहोचतात, काही चार वर्षे वाट पाहतात आणि काहींना ती संधी कधीच मिळत नाही. असे का होते? एकाच मोसमात दोन त्रिशतके कशी होतात? आणि महाराष्ट्राच्या संघात जाण्याचे स्वप्न पाहणाऱ्या रत्नागिरीतल्या मुलाने हे आकडे कसे वाचावेत?

ताजा संदर्भ काय?

नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्यातील पर्वरी येथे रणजी करंडकाच्या प्लेट गटात गोवा आणि अरुणाचल प्रदेश हे संघ समोरासमोर आले. अर्जुन तेंडुलकरने २५ धावांत ५ बळी घेतले आणि अरुणाचलचा डाव ८४ धावांत आटोपला. त्यानंतर जे घडले ते रणजीच्या इतिहासात क्वचितच घडले आहे. स्नेहल कवठणकरने नाबाद ३१४ आणि कश्यप बखलेने नाबाद ३०० धावा केल्या. दोघांनी तिसऱ्या विकेटसाठी ६०६ धावांची अभेद्य भागीदारी केली. गोव्याने ९३ षटकांत २ बाद ७२७ धावांवर डाव घोषित केला आणि सामना एक डाव व ५५१ धावांनी जिंकला. रणजीतील हा सर्वात मोठा विजय ठरला आणि ६०६ धावांची भागीदारी कोणत्याही विकेटसाठी स्पर्धेतील सर्वोच्च ठरली.

एकाच डावात दोन त्रिशतके होण्याची रणजीतली ही दुसरीच वेळ. पहिली वेळही गोव्याशीच जोडलेली आहे, मात्र तेव्हा गोवा मार खाणारा संघ होता. १९८८-८९ च्या मोसमात पणजीत तमिळनाडूच्या डब्ल्यू. व्ही. रामन यांनी ३१३ आणि अर्जन कृपाल सिंग यांनी नाबाद ३०२ धावा केल्या. तमिळनाडूने ६ बाद ९१२ असा डोंगर उभारला होता आणि त्यात ५२ धावा तर दंडाच्या होत्या. ज्या संघाने साडेतीन दशकांपूर्वी दोन त्रिशतके सोसली, त्याच संघाने २०२४ मध्ये दोन त्रिशतके केली. आकड्याइतकेच त्यामागचे संदर्भ महत्त्वाचे असतात, हे सांगायला एवढे उदाहरण पुरेसे आहे.

त्रिशतक इतके कठीण का?

गणित सोपे आहे. प्रथम श्रेणी सामन्यात दिवसाला साधारण ९० षटके, म्हणजे ५४० चेंडू टाकले जातात. त्यातले निम्मे एका फलंदाजाच्या वाट्याला आले, तर दिवसाला २७० चेंडू. शंभर चेंडूंत ६० धावा या वेगाने तो खेळला, तर दिवसाअखेर त्याच्या नावावर १६० च्या आसपास धावा होतात. म्हणजे ३०० गाठायला जवळपास दोन दिवस टिकावे लागते. साखळी सामना चार दिवसांचा असतो. त्यातले दोन दिवस एकाच डावात गेले, तर प्रतिस्पर्ध्याचे २० बळी घ्यायला उरतात दोनच दिवस.

म्हणून त्रिशतकासाठी फलंदाजाच्या कौशल्याबरोबर आणखी चार गोष्टी जुळून याव्या लागतात. खेळपट्टी सपाट हवी. समोरच्या गोलंदाजीला धार नको. दुसऱ्या टोकाला टिकून राहणारा साथीदार हवा. आणि कर्णधाराने डाव घोषित करण्याची घाई करता कामा नये. यातली एकही गोष्ट फलंदाजाच्या हातात नसते.

रणजीची गुणपद्धतीही लांब डावांना पोषक आहे. सामना अनिर्णित राहिला तरी पहिल्या डावात आघाडी घेणाऱ्या संघाला ३ गुण मिळतात, पिछाडीवरच्या संघाला १. निर्णायक विजयाला ६ गुण आणि डावाने किंवा दहा गडी राखून जिंकल्यास ७. साहजिकच समोर बलाढ्य संघ असेल, खेळपट्टीत जीव नसेल, तर ‘आधी आघाडी घेऊ, विजयाचे नंतर पाहू’ असा विचार कर्णधार करतो. त्रिशतके बहुधा याच विचारातून जन्माला येतात.

एकाच मोसमात दोन त्रिशतके कुणी केली?

रवींद्र जडेजाने. २०१२-१३ च्या मोसमात सौराष्ट्रकडून खेळताना त्याने नोव्हेंबरमध्ये सुरतला गुजरातविरुद्ध नाबाद ३०३ धावा केल्या आणि डिसेंबरच्या सुरुवातीला राजकोटला रेल्वेविरुद्ध ३३१. आदल्या मोसमात त्याने कटकला ओडिशाविरुद्ध ३१४ धावा केल्या होत्या. प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये तीन त्रिशतके करणारा तो पहिला भारतीय ठरला. दुसरे त्रिशतक झाले आणि दोन आठवडे उलटायच्या आत, १३ डिसेंबर २०१२ रोजी नागपूरला इंग्लंडविरुद्ध त्याचे कसोटी पदार्पण झाले.

पण त्याच मोसमाकडे जरा रुंद नजरेने पाहिले, तर वेगळे चित्र दिसते. महाराष्ट्राच्या केदार जाधवने त्याच नोव्हेंबरमध्ये गहुंजे येथे उत्तर प्रदेशविरुद्ध ३२७ धावा केल्या. चेतेश्वर पुजाराने जानेवारी २०१३ मध्ये राजकोटला कर्नाटकविरुद्ध ३५२ धावा फटकावल्या. त्या मोसमापासून स्पर्धेची रचना बदलली होती. २७ संघांचे तीन गट झाले आणि प्रत्येक संघाला ८ साखळी सामने मिळाले. सामने वाढले की डाव वाढतात आणि डाव वाढले की मोठ्या खेळींची शक्यताही वाढते. जडेजा मोठा खेळाडू आहे, यात वाद नाही. पण ज्या मोसमात त्याने दोन त्रिशतके केली, तो मोसमच फलंदाजांना उदार होता, हेही तितकेच खरे.

बेसबॉलमध्ये असाच एक विक्रम आहे, तो कोणता?

अमेरिकेतील बेसबॉलमध्ये ‘ट्रिपल’ नावाचा फटका असतो. फलंदाज चेंडू मारतो आणि क्षेत्ररक्षकाची चूक न होता एका दमात तिसऱ्या तळापर्यंत धावत पोहोचतो. चेंडू मैदानाबाहेर गेला, तर तो ‘होम रन’ होतो आणि लवकर अडवला गेला तर एक किंवा दोन तळांवर थांबावे लागते. त्यामुळे ट्रिपलसाठी फटक्याइतकेच पाय आणि पायांइतकेच मैदान महत्त्वाचे ठरते.

एका मोसमात सर्वाधिक ट्रिपलचा विक्रम पिट्सबर्ग पायरेट्सच्या ओवेन ‘चीफ’ विल्सनच्या नावावर आहे. १९१२ मध्ये त्याने ३६ ट्रिपल मारले. शंभराहून अधिक वर्षे झाली, पण कुणी त्याच्या जवळपासही फिरकलेले नाही. २००७ मध्ये डेट्रॉइटच्या कर्टिस ग्रँडरसनने २३ मारले, तेव्हाही तो मोठा चर्चेचा विषय झाला होता. गंमत म्हणजे खुद्द विल्सनने आपल्या कारकिर्दीतल्या दुसऱ्या कोणत्याही मोसमात १४ पेक्षा जास्त ट्रिपल मारले नाहीत. संपूर्ण कारकिर्दीत सर्वाधिक म्हणजे ३०९ ट्रिपल मारणारा सॅम क्रॉफर्ड वेगळाच. त्यालाही एका मोसमात २६ च्या पुढे जाता आले नाही.

याची कारणे काय? पिट्सबर्गचे फोर्ब्स फील्ड हे मैदान १९०९ मध्ये सुरू झाले, तेव्हा त्याचे मागचे अंगण प्रचंड मोठे होते. त्या काळचा चेंडू आजच्याइतका लांब जात नसे. म्हणून जे फटके आज मैदानाबाहेर जातील, ते तेव्हा मैदानातच कोपऱ्यात घरंगळत राहत आणि फलंदाज धावत सुटे. पुढे चेंडू बदलला, मैदाने लहान झाली आणि होम रनचा जमाना आला. ग्रँडरसनच्या २३ मागेही डेट्रॉइटच्या मैदानाचे विस्तीर्ण आवार होते. थोडक्यात, तो विक्रम विल्सनचा आहेच, पण त्यात फोर्ब्स फील्डचा आणि १९१२ सालाचाही वाटा आहे. रणजीतील त्रिशतकांचेही तसेच आहे.

महाराष्ट्राचा या यादीत वाटा किती?

मोठा आणि जुना. प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये त्रिशतक करणारे पहिले भारतीय विजय हजारे. सांगलीत जन्मलेल्या हजारे यांनी १९३९-४० मध्ये पुण्यात महाराष्ट्राकडून बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धावा केल्या. पुढे ते त्याच बडोद्याकडून खेळू लागले आणि १९४६-४७ मध्ये गुल महंमद यांच्यासोबत होळकर संघाविरुद्ध ५७७ धावांची भागीदारी केली. ती जवळपास सात दशके रणजीतील सर्वात मोठी भागीदारी होती.

हजारे यांचे दुसरे त्रिशतक तर आणखी अद्भुत आहे. १९४३-४४ च्या मोसमात मुंबईतील पंचरंगी स्पर्धेत ‘रेस्ट’ संघाकडून हिंदू संघाविरुद्ध खेळताना त्यांनी ३०९ धावा केल्या, तेव्हा संघाची एकूण धावसंख्या होती ३८७. म्हणजे शंभरातल्या ८० धावा एकट्या हजारे यांच्या. त्याच सामन्यात विजय मर्चंट यांनी नाबाद २५० धावा केल्या होत्या. मोसम संपण्यापूर्वी मर्चंट यांनी ब्रेबॉर्न स्टेडियमवरच मुंबईकडून नाबाद ३५९ धावा काढल्या आणि त्या वेळी समोरचा संघ होता महाराष्ट्र. एका मोसमात, एका मैदानावर दोन मराठीभाषक मुलखातल्या दिग्गजांची अशी चढाओढ पुन्हा क्वचितच झाली.

मग भाऊसाहेब निंबाळकर. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात काठियावाडविरुद्ध त्यांनी नाबाद ४४३ धावा केल्या. कमल भांडारकर यांच्यासोबत दुसऱ्या विकेटसाठी ४५५ धावांची भागीदारी झाली. महाराष्ट्राची धावसंख्या ४ बाद ८२६ झाली होती. डॉन ब्रॅडमन यांचा ४५२ धावांचा तेव्हाचा विश्वविक्रम अवघ्या ९ धावांवर होता. पण काठियावाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकोरसाहेब, यांनी पुढे खेळण्यास नकार दिला आणि संघ मैदान सोडून गेला. प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये ४०० धावा करणारा निंबाळकर यांच्याशिवाय दुसरा भारतीय आजवर झालेला नाही. कोल्हापूरचे हे फलंदाज भारताकडून एकही अधिकृत कसोटी खेळले नाहीत.

याच मोसमाचे आणखी एक वैशिष्ट्य आहे. मार्च १९४९ मध्ये पुण्यातच मुंबई आणि महाराष्ट्र यांच्यातील उपांत्य सामना सात दिवस चालला. दोन्ही संघांनी मिळून २३७६ धावा केल्या आणि नऊ शतके झाली. एका प्रथम श्रेणी सामन्यात इतक्या धावा जगात पुन्हा कधीही झालेल्या नाहीत. म्हणजे ४४३ हा आकडा आकाशातून पडला नव्हता. त्या वर्षी पुण्याची खेळपट्टी गोलंदाजांना काहीही देत नव्हती. निंबाळकरांची थोरवी त्यामुळे कमी होत नाही. त्याच खेळपट्ट्यांवर इतरांनीही धावा केल्या, पण ४४३ फक्त त्यांनीच.

महाराष्ट्राच्या इतिहासात एक हुकलेले त्रिशतकही आहे. १९८८-८९ मध्ये शंतनु सुगवेकर मध्य प्रदेशविरुद्ध २९९ धावांवर नाबाद राहिले. एका धावेने त्यांचे नाव त्रिशतकवीरांच्या यादीत येता येता राहिले.

गुगळे आणि पंत : एक सामना, दोन त्रिशतके, दोन वाटा

ऑक्टोबर २०१६ मध्ये महाराष्ट्र आणि दिल्ली यांच्यात सामना झाला तो मुंबईच्या वानखेडे स्टेडियमवर. त्या मोसमात रणजीचे साखळी सामने त्रयस्थ मैदानांवर खेळवण्याचा प्रयोग करण्यात आला होता. यजमान संघाने आपल्या सोयीची खेळपट्टी तयार करू नये, हा त्यामागचा हेतू.

महाराष्ट्राचे नेतृत्व त्या सामन्यात स्वप्निल गुगळेकडे होते. त्याने नाबाद ३५१ आणि अंकित बावणेने नाबाद २५८ धावा केल्या. तिसऱ्या विकेटसाठी दोघांनी ५९४ धावांची अभेद्य भागीदारी रचली आणि हजारे-गुल महंमद यांचा ५७७ चा विक्रम मागे पडला. कुमार संगकारा आणि माहेला जयवर्धने यांचा ६२४ धावांचा विश्वविक्रम ३० धावांवर असताना गुगळेने २ बाद ६३५ वर डाव घोषित केला. स्वतःच्या नावापेक्षा सामन्याचा विचार त्याने आधी केला.

दिल्लीचे उत्तर तितकेच तगडे होते. ऋषभ पंतने ३०८ धावा फटकावल्या. दिल्ली ५९० पर्यंत पोहोचली आणि महाराष्ट्राला ४५ धावांची आघाडी मिळाली. सामना अनिर्णित राहिला.

पंत फेब्रुवारी २०१७ मध्ये भारताकडून टी-ट्वेंटी सामना खेळला आणि २०१८ मध्ये कसोटीपटू झाला. गुगळेला भारतीय संघाची टोपी मिळाली नाही. खेळपट्टी तीच, सामना तोच आणि गुगळेच्या धावा पंतपेक्षा ४३ ने जास्त. मग फरक कशाने पडला? पंत यष्टिरक्षक होता, झपाट्याने धावा काढत होता आणि त्या मोसमात एका सामन्यापुरता थांबला नाही. निवड समिती त्रिशतक पाहते, पण त्याच्या अलीकडचे आणि पलीकडचेही पाहते. त्रिशतकाने दार ठोठावता येते. ते उघडेलच असे नाही.

त्रिशतकानंतर भारतीय संघ : किती काळ वाट पाहावी लागते?

ठोस उत्तर नाही, पण उदाहरणे बोलकी आहेत.

• रवींद्र जडेजा : दुसऱ्या त्रिशतकानंतर दोन आठवड्यांच्या आत कसोटी पदार्पण. तो आधीपासून भारताच्या मर्यादित षटकांच्या संघात होता, हे विसरून चालणार नाही.

• केदार जाधव : २०१२-१३ मध्ये ३२७. पुढच्याच मोसमात त्याने रणजीत १२२३ धावा केल्या आणि महाराष्ट्र अंतिम फेरीत पोहोचला. त्यानंतर नोव्हेंबर २०१४ मध्ये एकदिवसीय पदार्पण. म्हणजे त्रिशतकाला सातत्याची जोड मिळाल्यावरच संधी आली.

• सर्फराज खान : जानेवारी २०२० मध्ये मुंबईकडून उत्तर प्रदेशविरुद्ध नाबाद ३०१, लगेचच्या सामन्यात नाबाद २२६. कसोटी पदार्पण फेब्रुवारी २०२४ मध्ये. चार वर्षांची प्रतीक्षा.

• पृथ्वी शॉ : जानेवारी २०२३ मध्ये आसामविरुद्ध ३७९. निंबाळकरांच्या ४४३ नंतर रणजीतील ही सर्वात मोठी खेळी आहे. संजय मांजरेकर यांची १९९०-९१ मधील ३७७ ची खेळी त्याने मागे टाकली. शॉला मात्र कसोटी संघाचे दार त्यामुळे पुन्हा उघडले नाही.

• विजय झोल : जालन्याच्या या फलंदाजाने २०११ मध्ये १९ वर्षांखालील कूचबिहार करंडकात महाराष्ट्राकडून आसामविरुद्ध नाबाद ४५१ धावा केल्या. २०१४ च्या युवा विश्वचषकात त्याने भारताचे नेतृत्व केले. वरिष्ठ भारतीय संघात मात्र तो पोहोचला नाही.

संघ वाढले, त्रिशतके स्वस्त झाली का?

२०१८-१९ मध्ये रणजीत नऊ नवे संघ आले. ईशान्येतील बहुतेक राज्ये, तसेच बिहार, उत्तराखंड आणि पुद्दुचेरी यांचा त्यात समावेश होता. त्यामुळे दुबळ्या किंवा नव्या संघांविरुद्धच्या धावा आणि बळी मोसमाच्या एकत्रित तक्त्यात येऊ लागले. त्याच मोसमात सिक्कीमकडून खेळलेल्या मिलिंद कुमारने १३३१ धावा केल्या आणि बिहारच्या आशुतोष अमनने ६८ बळी घेऊन बिशनसिंग बेदी यांचा १९७४-७५ मधील ६४ बळींचा विक्रम मोडला. बिहारच्याच साकिबुल गनीने फेब्रुवारी २०२२ मध्ये मिझोरामविरुद्ध प्रथम श्रेणी पदार्पणात ३४१ धावा केल्या. पदार्पणात त्रिशतक करणारा तो जगातला पहिलाच. जानेवारी २०२४ मध्ये हैदराबादच्या तन्मय अगरवालने अरुणाचलविरुद्ध १४७ चेंडूंत ३०० धावा पूर्ण केल्या. हाही विश्वविक्रम.

या खेळाडूंनी काही गैर केलेले नाही. समोर जो संघ असेल, त्याच्याविरुद्धच खेळावे लागते. पण मोसमाच्या तक्त्यात एलिट आणि प्लेट गटातले आकडे शेजारी शेजारी बसतात, तेव्हा वाचणाऱ्याने ते एकाच तराजूत तोलू नयेत. विदर्भाच्या हर्ष दुबेने २०२४-२५ मध्ये ६९ बळी घेऊन अमनचा विक्रम मागे टाकला, तेव्हा त्याचे वजन वेगळे वाटले ते यासाठी. ते बळी एलिट गटातले होते आणि त्या मोसमात विदर्भाने करंडकही जिंकला. पर्वरीच्या त्या सामन्याचीही खरी परीक्षा नंतर आली. पुढच्या मोसमात गोव्याला एलिट गटात खेळायला मिळाले आणि तिथे गोलंदाजी अरुणाचलची नव्हती.

रत्नागिरीच्या मुलांसाठी याचा अर्थ काय?

मुंबईशी रक्ताचे नाते असले, तरी क्रिकेटच्या नकाशावर रत्नागिरी जिल्हा मुंबई संघाच्या नव्हे, तर महाराष्ट्र क्रिकेट संघटनेच्या अखत्यारीत येतो. म्हणजे इथल्या मुलाचा रस्ता दादर-चर्चगेटकडे न जाता घाट चढून पुण्याकडे जातो. जिल्ह्याचा संघ, संघटनेच्या स्पर्धा, मग १६, १९ आणि २३ वर्षांखालील राज्य संघ आणि शेवटी रणजी. १६ वर्षांखालच्यांसाठी विजय मर्चंट करंडक, १९ वर्षांखालच्यांसाठी कूचबिहार करंडक आणि २३ वर्षांखालच्यांसाठी सी. के. नायडू करंडक, अशी ही शिडी आहे.

या शिडीवर पहिली अडचण येते ती सवयीची. कोकणात क्रिकेटचे वेड कमी नाही. पाऊस ओसरला की सड्यावर, शेतात, शाळेच्या पटांगणात खेळ सुरू होतो आणि मे महिन्यात चाकरमानी गावी आले की स्पर्धांना ऊत येतो. पण हे बहुतांश टेनिस चेंडूचे, मोजक्या षटकांचे क्रिकेट. त्यात २० चेंडूंत ५० धावा करणाऱ्याला बक्षीस मिळते. ३०० चेंडू सोडायचे, अडवायचे, धावायचे आणि तरीही कंटाळायचे नाही, हे तिथे शिकता येत नाही. शिवाय पावसाचे चार महिने मोकळ्या मैदानावरचा सराव बंद असतो. जांभ्या मातीच्या मैदानावर टप्पा खाल्लेला चेंडू आणि गहुंजेच्या तयार खेळपट्टीवरचा लाल चेंडू यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

त्यामुळे कोकणातल्या पालकांनी मुलाच्या एखाद्या मोठ्या धावसंख्येने हुरळून जाऊ नये आणि तशी खेळी नाही म्हणून निराशही होऊ नये. निवड चाचणीत प्रशिक्षक पाहतात ते धावांपेक्षा वेगळे : चेंडू नवा असताना मूल कसे उभे राहते, दुपारी दमल्यावर पाय कसे हलतात, आणि शतक झाल्यावर विकेट फेकतो की नव्याने सुरुवात करतो. लाल चेंडूवर दोन-तीन दिवसांचे सामने वारंवार खेळायला मिळाले, तरच हे गुण दिसतात आणि वाढतात. जिल्ह्यात असे सामने किती होतात, हाच खरा प्रश्न. त्रिशतक ही त्यापुढची गोष्ट.

मग मोसमाचा आकडा वाचायचा कसा?

पुढच्या वेळी ‘अमुक फलंदाजाचे त्रिशतक’ असा संदेश मोबाइलवर आला, तर पाच प्रश्न विचारावेत.

१. सामना एलिट गटातला की प्लेट गटातला?

२. त्या सामन्यात इतरांनी किती धावा केल्या? एकट्याने ३८७ पैकी ३०९ केल्या, की दोन्ही संघांनी डोंगर रचले?

३. मैदान घरचे की परके, आणि त्या खेळपट्टीवर त्या मोसमात इतर सामने कसे झाले?

४. संघाला त्यातून काय मिळाले : विजय, आघाडीचे ३ गुण की काहीच नाही?

५. त्या फलंदाजाने त्याआधीच्या आणि त्यानंतरच्या पाच डावांत काय केले?

पाचही उत्तरे चांगली असली, तर समजावे की हा आकडा फलंदाजाचा आहे. दोन-तीनच चांगली असली, तर त्यात मैदानाचा, प्रतिस्पर्ध्याचा आणि काळाचा वाटा मोठा आहे. विल्सनचे ३६ ट्रिपल असोत की जडेजाची दोन त्रिशतके, विक्रमाच्या पुस्तकात फक्त आकडा आणि नाव छापले जाते. खेळपट्टी, कर्णधाराचा निर्णय आणि मैदान सोडून गेलेला प्रतिस्पर्धी संघ, या गोष्टी तिथे नसतात. त्या शोधाव्या लागतात. ४४३ वर अडकलेल्या निंबाळकरांना किंवा विश्वविक्रमापासून ३० धावांवर डाव सोडणाऱ्या गुगळेला न्याय द्यायचा, तर आकड्याच्या शेजारी ही हकिकतही लिहिली गेली पाहिजे.